व्हिस्कीचे इतके प्रकार झाले कसे?

व्हिस्की समजून घ्यायची सगळ्यात सोपी वाट नाचणीसत्त्वातून जाते. माझी आई भाच्यासाठी सत्त्व करायची तेव्हा नाचणी रात्रभर भिजवून सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. बारीक पांढरे मोड डोकावले की तिची घाई सुरू व्हायची. मोड लांबू द्यायचे नाहीत, हा तिचा नियम. लगेच सावलीत पसरून वाळवायचं, मंद आचेवर भाजायचं, दळायचं, वस्त्रगाळ करायचं. त्या पिठाची पेज साखर न घालताही किंचित गोड लागायची. साध्या नाचणीच्या पिठाची तशी लागत नाही.

ही गोडी कुठून आली ते कळलं की अर्धी व्हिस्की कळली. दाण्यात पुढच्या रोपाची शिदोरी म्हणून पिष्ट साठवलेलं असतं. दाणा रुजू लागला की त्यात विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार होतात आणि ती पिष्टाची साखर करू लागतात, कारण कोंबाला वाढायला साखरच लागते. मोड येताच दाणा वाळवला तर कोंबाची वाढ थांबते, पण विकरं दाण्यात शाबूत राहतात. नाचणीच्या जागी जव घ्या, म्हणजे बार्ली, आणि हेच सगळं टनावारी करा. झाला माल्ट.

हा माल्ट भरडून साधारण 65 अंशांच्या गरम पाण्यात घातला की थांबलेली विकरं पुन्हा कामाला लागतात आणि उरलेल्या पिष्टाचीही साखर होते. ते गोड पाणी निथळून घ्यायचं, निववायचं, त्यात यीस्ट सोडायचं. दोन-चार दिवसांत यीस्ट साखर खाऊन टाकतं आणि 8-9 टक्के अल्कोहोल असलेलं फेसाळ, आंबूस पेय तयार होतं. चवीने ते बियरच्या जवळचं. त्याची व्हिस्की व्हायला ऊर्ध्वपातन लागतं, म्हणजे आपल्या भाषेत भट्टी लावावी लागते.

गोव्यात काजूच्या हंगामात एका फेणीच्या भट्टीवर मी अर्धा दिवस बसले होते. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात उकळत होता. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जात होती आणि तिथली बाई त्या भांड्यावर करवंटीच्या पळीने न थकता पाणी ओतत होती. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 अंशांना. त्यामुळे आधी वर जाणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं, ती वाफ गार केली की थेंब पडतात. पहिल्या खेपेला मिळतो तो उर्राक. उर्राक पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. स्कॉटलंडमधल्या माल्ट व्हिस्कीचीही बहुधा अशीच दोन खेपांची भट्टी असते. पहिल्या खेपेला विशीच्या घरातली टक्केवारी, दुसऱ्या खेपेला सत्तरीच्या आसपास. दुसऱ्या खेपेला सुरुवातीची उग्र धार आणि शेवटची जड, कळकट वासाची धार बाजूला काढतात आणि फक्त मधली घेतात. ती मधली धार कुठे सुरू करायची आणि कुठे तोडायची, हे प्रत्येक भट्टीचं आपलं असतं. भांडं तांब्याचं, कारण तांबं वाफेतले गंधकाचे वास धरून ठेवतं. भांड्याची मान उंच असेल तर जड घटक परत खाली पडतात आणि हलका द्रव वर पोचतो. ग्लेनमोरांजी या स्कॉटिश भट्टीतल्या भांड्यांची मान 5 मीटरहून उंच आहे.

एवढं करून हातात येतो तो पाण्यासारखा पारदर्शक द्रव. ओकच्या लाकडी पिंपात काही वर्षं ठेवला की त्याला रंग-चव चढते. मग स्कॉच, आयरिश, बोर्बन हे सगळे वेगळे कसे? मला याचं जे उत्तर पटलं आहे ते असं, की प्रत्येक प्रकारामागे कुणाची तरी एक अडचण आहे. कुणाकडे जळण नव्हतं, कुणाला कर परवडत नव्हता, कुणाकडे जव नव्हता. जे हाताशी होतं त्यात लोकांनी भागवलं, मग त्या भागवण्याचीच सवय झाली आणि पुढे त्याच सवयीचा कायदा झाला.

आधी थोडं मूळ शोधू. ऊर्ध्वपातनाची विद्या भूमध्य समुद्राकाठच्या आणि अरब रसायनज्ञांकडून युरोपातल्या मठांमध्ये पोचली. अल्कोहोल हा शब्दसुद्धा अरबीच. त्याचा मूळ अर्थ डोळ्यांत घालायचा सुरमा, मग कशाचंही काढलेलं शुद्ध सत्त्व. मठातले साधू या सत्त्वाला औषध मानत आणि लॅटिनमध्ये ‘अॅक्वा व्हिटे’ म्हणत, जीवनजल. आपल्या भाषेत पाण्यालाच ‘जीवन’ म्हणतात, तेव्हा हे नाव आपल्याला फार परकं वाटू नये. आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्याचं शब्दशः ‘उश्का बाहा’ झालं आणि त्यातल्या ‘उश्का’ची, म्हणजे नुसत्या पाण्याची, इंग्रजी जिभेवर व्हिस्की झाली.

पहिली कोणाची, यावर दोन्ही देश भांडतात. आयर्लंडच्या बखरीत 1405 सालची नोंद आहे, की नाताळात अतिप्राशनाने एक सरदार मेला. पण ती बखर आज आपल्याला मिळते ती 1627 च्या इंग्रजी भाषांतरात. स्कॉटलंडचा पुरावा जास्त कोरडा, म्हणून जास्त भक्कम: राजाच्या खजिन्याच्या 1494 च्या हिशेबात ‘फ्रायर जॉन कॉर याला अॅक्वा व्हिटे करण्यासाठी आठ बोल माल्ट’ अशी ओळ आहे. बोल हे तिथलं धान्याचं जुनं माप. एवढ्या माल्टवरून दिसतं, की काम चांगल्यापैकी मोठ्या प्रमाणावर चालत होतं, म्हणजे ही कला त्याच्याही आधीची. 1505 मध्ये एडिंबराच्या न्हावी-शल्यवैद्यांच्या संघटनेला हे करण्याचा एकाधिकार मिळाला. औषध म्हणूनच.

औषध शेतकऱ्यांच्या घरात पोचलं आणि सरकारचं लक्ष तिकडे गेलं. स्कॉटिश संसदेने 1644 मध्ये पहिला कर लावला. 1707 मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर कर वाढत गेले आणि 1725 मध्ये माल्टवरही कर आला. डोंगरदऱ्यांतले लोक चोरून भट्ट्या लावू लागले. सरकार जितकं घट्ट धरी तितकी चोरटी दारू वाढे. शेवटी 1823 च्या कायद्याने परवाना स्वस्त केला, वर्षाला 10 पौंड आणि गॅलनमागे ठरावीक कर. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. शेजारचे सगळे चोरटे भट्टीवाले त्याच्यावर इतके भडकले, की जवळच्या जमीनदाराने त्याला दोन पिस्तुलं दिली आणि ती बाळगूनच तो वावरत असे. आजचा प्रतिष्ठित स्कॉच उद्योग या एका स्वस्त परवान्यातून उभा राहिला.

आता धूर. माल्ट वाळवायला जळण लागतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावर झाडं फारशी नाहीत, पण पीट भरपूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत, कुजत गेलेल्या शेवाळा-गवताचा थर. तो फावड्याने विटांसारखा कापतात आणि उन्हा-वाऱ्यात रचून वाळवतात. त्या ढिगांचे फोटो पाहिले की आपल्याकडच्या गोवऱ्यांच्या कलवडाची आठवण येते. हा पीट पेटवून त्यावर ओला माल्ट वाळवला की धुरातली फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी द्रव्यं, दाण्यात मुरतात आणि आंबवणं, ऊर्ध्वपातन, पिंपातली वर्षं, सगळ्यांतून तरून शेवटपर्यंत टिकतात. लॅफ्रॉइग, आर्डबेग, लागाव्हुलिन या आयलाच्या व्हिस्क्यांना म्हणून टिंक्चर आयोडीनसारखा, जुन्या दवाखान्यासारखा वास येतो. पहिल्यांदा हुंगणारा दचकतो. आगगाडीने कोळसा आणि कोक पोचला तिथल्या स्पेसाइड भागातल्या व्हिस्क्या त्या मानाने बिनधुराच्या, फळांच्या वासाच्या झाल्या. आज जळणाची अडचण कुठेच नाही, तरी बहुतेक आयलावाले पीटच जाळतात, कारण आता तीच त्यांची ओळख आहे.

आयर्लंडची अडचण पुन्हा कराची. 1785 मध्ये मोड आणलेल्या जवावर कर बसला. तिथल्या भट्टीवाल्यांनी मग थोडा माल्ट आणि थोडा मोड न आणलेला, कच्चा जव असं मिश्रण वापरायला सुरुवात केली. कच्च्या जवाने व्हिस्कीला साय लावल्यासारखा दाटपणा आणि मिरमिरीत मसालेदार चव आली. कर गेला, चव राहिली. यालाच आज ‘पॉट स्टिल’ आयरिश व्हिस्की म्हणतात, आणि माझ्या मते व्हिस्कीच्या सगळ्या घराण्यांत हे सर्वांत कमी ओळखलं गेलेलं घराणं आहे. आयरिश भट्टीत बहुधा दोनाऐवजी तीन खेपा होतात, त्यामुळे ती मऊ लागते.

एकोणिसाव्या शतकात डब्लिनची व्हिस्की जगात पहिल्या नंबरची होती. मग ईनियस कॉफी नावाच्या माणसाने 1830 मध्ये एका नव्या यंत्राचं पेटंट घेतलं. हा स्वतः आयर्लंडच्या उत्पादन शुल्क खात्यातला मोठा अधिकारी, आयुष्यभर चोरट्या भट्ट्या पकडलेला. त्याच्या यंत्रात दोन उंच स्तंभ होते. एका बाजूने आंबवलेलं पेय सोडत राहायचं, दुसऱ्या बाजूने नव्वद टक्क्यांवरचा द्रव अखंड मिळत राहायचा. भांडं रिकामं करा, धुवा, पुन्हा भरा, ही भानगडच नाही. शिवाय महाग माल्ट थोडाच घालून बाकी गहू-मका चालतो. आयरिश मंडळींनी नाक मुरडलं: ही व्हिस्कीच नव्हे, याला चवच नाही. चव कमी, हे खरंच होतं. स्कॉटलंडने ते यंत्र उचललं. पुढे अमेरिकेतली 1920 ते 1933 ची दारूबंदी, आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर ब्रिटनशी झालेलं व्यापारयुद्ध, असे एकावर एक घाव बसून आयरिश उद्योग इतका आक्रसला, की 1970 च्या दशकात चालू भट्ट्या दोनच उरल्या होत्या. गेल्या काही दशकांत तो पुन्हा उभा राहिला आहे, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते.

स्कॉटलंडने त्या बेचव, स्वस्त ‘ग्रेन’ व्हिस्कीचं केलं काय? इथे किराणा दुकानदार येतात. किल्मार्नकचा जॉन वॉकर, अॅबरडीनचे शिवास बंधू, एडिंबराचा जॉर्ज बॅलंटाइन, हे सगळे मुळात किराणा-वाणसामान विकणारे. वेगवेगळ्या मळ्यांचे चहा मिसळून बारा महिने एकसारखी चव देणं, हा अशा दुकानांचा रोजचा धंदा. एकेका भट्टीची माल्ट व्हिस्की दर खेपेला वेगळी लागे, कधी फार उग्र. तिच्यात सौम्य ग्रेन व्हिस्की घालून त्यांनी एकसारखी चव बसवली. ही ब्लेंडेड स्कॉच. त्याच सुमारास, 1860 नंतर, फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे फस्त केले, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यात तिच्या जागी ही नवी व्हिस्की जाऊन बसली. आजही जगात खपणाऱ्या स्कॉचमध्ये मोठा वाटा ब्लेंडेडचाच आहे.

त्यामुळे बाटलीवरच्या शब्दांचा अर्थ नीट लावून घ्यावा, कारण आपल्याकडे त्यात फार घोळ होतो. सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली नव्हे, तर एकाच भट्टीत, फक्त माल्ट केलेल्या जवापासून केलेली. त्यात त्या भट्टीची शंभर पिंपं मिसळलेली असू शकतात. बारा वर्षं असं लिहिलं असेल तर आतली सगळ्यात तरुण व्हिस्की बारा वर्षं पिंपात राहिलेली असते. बाटलीत भरल्यावर वय मोजणं थांबतं. काकांनी परदेशातून आणून वीस वर्षं कपाटात जपलेली बारा वर्षांची बाटली आजही बारा वर्षांचीच आहे. आणि स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्येच बनलेली, तिथेच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं ठेवलेली, किमान 40 टक्के अल्कोहोल असलेली हवी. वरून घालायला परवानगी फक्त पाण्याची आणि कॅरमलच्या रंगाची.

अमेरिकेत गेलेले आयरिश-स्कॉटिश वसाहतवाले आधी राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, पिकवू लागले, कारण पेनसिल्व्हेनियाच्या जमिनीत राय चांगली येई. 1791 मध्ये केंद्राने व्हिस्कीवर कर लावला तेव्हा पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी बंड केलं. 1794 मध्ये ते मोडायला खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. आणि निवृत्तीनंतर त्याच वॉशिंग्टननी माउंट व्हर्ननला स्वतःची राय व्हिस्कीची भट्टी चालवली. केंटकीत पोचलेल्यांना जवापेक्षा मका कितीतरी सहज पिकवता येई, म्हणून तिथली व्हिस्की मक्याची झाली. तिला बोर्बन म्हणतात. नियम असा, की धान्यात किमान 51 टक्के मका, आणि पिंप ओकचं, आतून जाळून कोळसा केलेलं आणि कोरं. बोर्बनचा गडद रंग आणि व्हॅनिलाचा गोड वास या जळक्या कोऱ्या लाकडातून येतो, बाहेरून रंग घालता येत नाही. टेनेसीत हीच व्हिस्की पिंपात भरण्याआधी मेपलच्या कोळशातून थेंब थेंब गाळतात. तिथल्या प्रसिद्ध व्हिस्कीचा कर्ता जॅक डॅनियल याला भट्टीचं काम शिकवलं ते नेअरेस्ट ग्रीन या गुलामीत जगलेल्या काळ्या कारागिराने. त्याचं नाव फार उशिरा लोकांपुढे आलं.

त्या कोऱ्या पिंपाच्या नियमाचा परिणाम जगभर झाला. एकदा वापरलेलं पिंप बोर्बनला पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपं ढिगाने स्कॉटलंडला जाऊ लागली. तिथे पूर्वी स्पेनहून शेरी वाइन ज्या पिंपांतून येई ती पिंपं वापरत. शेरी बाटल्यांतूनच निर्यात करायची असं ठरल्यावर ती मिळेनात. म्हणजे आज आपण ज्याला स्कॉचची चव म्हणतो, तिच्यातला बराचसा भाग अमेरिकेच्या भंगारातून येतो.

जपानची अडचण ज्ञानाची होती. मासाताका ताकेत्सुरू हा तरुण 1918 मध्ये स्कॉटलंडला गेला, भट्ट्यांत राबून वह्या भरून टिपणं घेऊन आला. शिंजिरो तोरीने 1923 मध्ये यामाझाकीला काढलेली भट्टी त्याने उभी केली आणि पुढे 1934 मध्ये योइचीला स्वतःची. कॅनडात व्हिस्कीला सरसकट ‘राय’ म्हणतात, मग तिच्यात राय नाममात्र का असेना.

आणि आपण? आपली अडचण धान्याची. ज्या देशात खायला धान्य पुरत नव्हतं तिथे ते भट्टीत घालणं शक्य नव्हतं. पण साखर कारखान्यांची मळी मुबलक होती. साताऱ्या-कोल्हापूरकडे वाढलेल्या कुणालाही आसवनीजवळचा तो गोडसर-आंबट, डोक्यात जाणारा वास सांगायला नको. मळी आंबवून स्तंभात ऊर्ध्वपातन करून जवळजवळ शुद्ध, चव नसलेलं स्पिरिट काढायचं, त्यात थोडी माल्ट व्हिस्की, कधी आयात स्कॉच, रंग आणि स्वाद घालायचा: आपली बहुतेक स्वस्त ‘व्हिस्की’ अशी तयार होत आली. अलीकडे मळीच्या जागी तुटका तांदूळ, मका अशा धान्याचं स्पिरिटही वापरतात. युरोपात व्हिस्की धान्याचीच हवी, त्यामुळे मळीची व्हिस्की तिथे त्या नावाने विकता येत नाही. उसापासून केलेली ती त्यांच्या लेखी रमच्या कुळातली. आपल्या सरकारी भाषेत तिचं नाव ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. गरजेपोटी मळी वापरली यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. बाटलीवर ते ठळक लिहिलं जात नाही, हे मात्र खटकतं. बाटलीवरचा 42.8 टक्के हा विचित्र आकडासुद्धा इंग्रजांच्या जुन्या मापातून आला आहे: त्यांचं 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के, त्याचा पाऊण हिस्सा म्हणजे 42.8.

पण गेल्या वीस वर्षांत इथेच काही वेगळं घडलं. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने 2004 मध्ये भारतीय जवाची सिंगल माल्ट बाजारात आणली, आणि ती आधी ग्लासगोत, स्कॉचच्या घरात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे, त्यांची सिंगल माल्ट 2012 मध्ये लंडनमध्ये आली. ही सगळी खरी माल्ट व्हिस्की, तांब्याच्या भांड्यातली, बोर्बनच्या जुन्या पिंपांत ठेवलेली. इथली अडचण हवेची आहे. पिंपाचं लाकूड श्वास घेतं, त्यातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. स्कॉच बनवणारे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला साधारण 2 टक्के, आपल्याकडे 10 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 200 लिटरच्या पिंपात बारा वर्षांनी तिकडे सुमारे 157 लिटर शिल्लक राहतील, इकडे जेमतेम 56. पण उष्णतेने द्रव लाकडात जोरात शिरतो आणि बाहेर येतो, त्यामुळे रंग-चवही भराभर चढते. आपल्या चार-पाच वर्षांच्या व्हिस्कीत लाकडाची जी खोली येते तिला तिकडे कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणूनच भारतीय सिंगल माल्टच्या बाटलीवर बहुतेक वेळा वर्षांचा आकडा नसतो. स्कॉचच्या फूटपट्टीने तो कोवळा दिसला असता. अमृतने आठ वर्षं पिंपात टिकवलेली व्हिस्की 2013 मध्ये बाजारात आणली, तेव्हा तिचं नाव ठेवलं ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत.